पाणबुड्यांच्या घड्याळाचा दुसरा डाव : सेको प्रॉस्पेक्स एसपीबी १४३

सेको कंपनीने १९६५ साली बाजारात आणलेले '६२ मास' हे जपानचे पहिले डायव्हर घड्याळ, म्हणजे पाणबुड्यांनी पाण्याखाली वापरावे अशा बेताने बनवलेले मनगटी घड्याळ. त्याच घड्याळाच्या आराखड्यावरून कंपनीने २०२० साली 'प्रॉस्पेक्स एसपीबी १४३' हे मॉडेल काढले. नाशिकमध्ये सातपूरच्या कारखान्यातली नोकरी, पावसाळ्यातला दुचाकीचा प्रवास आणि सकाळचे पोहणे अशा सगळ्या प्रकारांत मी ते वापरले आहे. माझे मत असे बनले आहे की, मूळ घड्याळात जे कच्चे होते तेवढेच कंपनीने बदलले आणि जे पक्के होते त्याला हात लावला नाही, यातच या घड्याळाचे मोठेपण आहे. अचूक वेळेच्या बाबतीत मात्र किमतीच्या मानाने हात आखडता घेतलेला दिसतो. हे मत का बनले ते समजण्यासाठी आधी १९६५ च्या घड्याळाकडे आणि त्याच्याही थोडे मागे जावे लागेल.

पाठीवर हवेची टाकी घेऊन माणसाला मोकळेपणी पाण्याखाली फिरता येऊ लागले ते १९४३ नंतर, फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी 'अ‍ॅक्वा-लंग' हे उपकरण तयार केल्यावर. टाकीतली हवा मोजकीच असल्याने पाण्याखाली किती मिनिटे झाली हे कळणे हा थेट जिवाचा प्रश्न बनला. स्विस कंपनी ब्लांपांचे तेव्हाचे प्रमुख झाँ-झाक फिश्तेर स्वतः पाणबुडे होते, आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एकदा वेळेचे भान सुटून त्यांची हवा संपत आली होती. त्या अनुभवातून १९५३ साली 'फिफ्टी फॅदम्स' हे घड्याळ आले. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. काळी तबकडी, अंधारात चमकणाऱ्या ठळक खुणा आणि काचेभोवती फिरणारे मिनिटांचे कडे ही त्या घड्याळाची ठेवण होती. रोलेक्सचे 'सबमरीनर'ही त्याच सुमाराचे. डायव्हर घड्याळ कसे दिसावे हे त्या दोन-तीन वर्षांत जे ठरले, ते आजतागायत फारसे बदललेले नाही.

सेकोचे '६२ मास' या मंडळींच्या मानाने बारा वर्षे उशिरा आले. सुवा येथील कारखान्यात ते बनत असे. त्यात ६२१७ या क्रमांकाचे ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने चावी बसणारे) मशीन होते, सतरा माणकांचे, म्हणजे घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचे, आणि तासाला १८,००० ठोके देणारे, आणि घड्याळाला १५० मीटर खोलीची हमी होती. व्यास अवघा ३७ मि.मी.च्या आसपास, खांद्यांमधले (पट्टा अडकवण्याच्या टोकांमधले) पट्ट्याचे अंतर १९ मि.मी. आणि मागच्या झाकणावर कोरलेला डॉल्फिन. जाड खुणा, सरळ पट्टीसारखे रुंद काटे आणि कसलाही नखरा नसलेली राखाडी तबकडी यांमुळे ते स्विस घड्याळांपेक्षा निराळे आणि काहीसे रोखठोक दिसते. जपानच्या आठव्या अंटार्क्टिक मोहिमेतल्या सदस्यांनी १९६६ पासून हे घड्याळ वापरले, आणि थंडीत टिकणारे म्हणून त्याची ख्याती झाली.

त्यात उणिवाही होत्याच. चावी आट्यांनी घट्ट बसणारी नव्हती, नुसती आत दाबायची होती. काच अ‍ॅक्रिलिकची होती, म्हणजे ओरखडे लवकर पडणार. कडे दोन्ही दिशांना फिरत असे, त्यामुळे पाण्याखाली धक्का लागून ते चुकीच्या बाजूला सरकले तर पाणबुड्याला आपल्याजवळ आहे त्याहून अधिक वेळ शिल्लक आहे असे वाटण्याचा धोका होता. कंपनीने हे लवकरच ओळखले असावे, कारण १९६८ सालच्या ३०० मीटरच्या घड्याळात चावीला आटे आले आणि मागे उघडणारे झाकणच नाहीसे झाले. सगळे कवच एकाच धातूच्या ठोकळ्यातून कोरलेले होते.

त्याच १९६८ साली हिरोशिमा प्रांतातल्या कुरे शहरातल्या एका व्यावसायिक पाणबुड्याने कंपनीला पत्र लिहिले. साडेतीनशे मीटर खोलीवर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना बाजारातले एकही घड्याळ पुरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. इतक्या खोलीवर काम करणारी माणसे कित्येक दिवस दाबाखालच्या कोठडीत राहतात आणि तिथल्या हवेत हेलियम मिसळलेला असतो. हेलियमचे अणू इतके बारीक असतात की, पाणी अडवणारी गॅस्केटे, म्हणजे सांध्यांतल्या रबरी कड्या, त्यांना अडवू शकत नाहीत. ते घड्याळात शिरतात, आणि पुढे कोठडीतला दाब कमी करताना त्यांना तितक्याच झपाट्याने बाहेर पडता येत नाही, म्हणून काच उडून जाते. स्विस कंपन्यांनी त्यावर हेलियम बाहेर सोडणारी झडप बसवली. सेकोचे अभियंते इकुओ तोकुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलियमला आत शिरूच द्यायचे नाही असा मार्ग धरला. सात वर्षांच्या कामानंतर १९७५ साली टायटॅनियमचे कवच आणि इंग्रजी एल अक्षराच्या छेदाचे गॅस्केट असलेले ६०० मीटरचे घड्याळ तयार झाले. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला या कथेतले ते गॅस्केट सर्वांत मोलाचे वाटते. कुकरची रिंग जशी वाफेच्या दाबाने अधिकच घट्ट बसते, तसा बाहेरचा दाबच सील पक्के करील अशी रचना करणे हे खरे अभियांत्रिकीचे काम आहे. झडप ही त्या मानाने तडजोड म्हणावी लागेल. अर्थात स्विस घड्याळांचे चाहते हे मान्य करणार नाहीत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थही नाही.

गंमत अशी की, यांत्रिक डायव्हर घड्याळाचे दिवस भरवण्याचे कामही सेकोनेच केले. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत 'अ‍ॅस्ट्रॉन' हे जगातले पहिले क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर आणि स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे, मनगटी घड्याळ विक्रीस आले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चावीच्या घड्याळांचा बाजार कोसळला. ऐंशीच्या दशकात पाणबुड्यांच्या मनगटावर खोली, वेळ आणि वर येण्याचा वेग सांगणारे संगणकही येऊ लागले. त्यामुळे डायव्हर घड्याळ गरजेचे राहिले नाही. ते आवडीचे झाले. गेल्या वीसेक वर्षांत या आवडीवरच जुन्या घड्याळांचे पुनरुज्जीवन उभे आहे. लाँजिनने २००७ साली 'लेजंड डायव्हर' आणले, ट्यूडरने २०१२ साली 'ब्लॅक बे' आणि ओरिसने २०१५ साली 'डायव्हर्स सिक्स्टी-फाइव्ह'. सेकोने २०१७ साली '६२ मास'ची अगदी हुबेहूब आवृत्ती काढली. ती दोन हजार नगांपुरती मर्यादित होती आणि किंमत सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची होती. तिच्याबरोबर आलेली स्वस्त आवृत्ती ४२.६ मि.मी. व्यासाची, म्हणजे मूळ घड्याळापुढे बरीच आडव्या अंगाची होती. एसपीबी १४३ आले ते यानंतर, आणि मला वाटते या वेळी कंपनीला नेमका सूर सापडला.

घड्याळ हातात घेतल्यावर पहिली बाब जाणवते ती त्याच्या मापाची. व्यास ४०.५ मि.मी., जाडी १३.२ मि.मी. आणि एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंतची लांबी ४७.६ मि.मी. आहे. घड्याळ मनगटावर कसे बसणार हे व्यासापेक्षा या लांबीवर ठरते, आणि विकत घेताना बहुतेक लोक नेमके हेच माप विचारीत नाहीत. माझे मनगट बारीक आहे, तरी टोके मनगटाबाहेर लोंबत नाहीत आणि शर्टाच्या बाहीखाली घड्याळ सहज जाते. कडेच्या उतरत्या पृष्ठभागावर आरशासारखे पॉलिश आहे, वरच्या बाजूला सरळ रेषांचे ब्रश केलेले पॉलिश आहे, आणि या दोन्हींना विभागणारी धार नजरेला इतकी स्वच्छ दिसते की, बफिंगच्या चाकावर काम करणाऱ्या कारागिराला ती मुद्दाम दाखवावी. मी दाखवलीही. त्याने ती नखाने चाचपून पाहिली आणि एवढेच म्हणाला, "साहेब, ही धार हाताने नाही राखता येत, फिक्श्चर लागतं." फिक्श्चर म्हणजे वस्तू पक्की धरून ठेवणारा साचा. पोलादावर कंपनी 'डायाशील्ड' नावाचा कठीण थर देते, आणि त्याचा उपयोग होतो. बारीक ओरखडे कमी पडतात, पण पडलेला ओरखडा पुन्हा पॉलिश करून काढता येत नाही, कारण तसे केले तर थरच निघून जाईल.

तबकडी गडद राखाडी आहे. उन्हात तिच्यावर मध्यापासून कडेकडे जाणारे किरण उमटतात आणि सावलीत ती जवळजवळ काळी दिसते. जाड खुणा व रुंद काटे १९६५ च्याच वळणाचे आहेत. साठच्या दशकात चमकणाऱ्या रंगात किरणोत्सारी द्रव्य मिसळावे लागत असे आणि काही वर्षांनी त्याची चमक विझत जाई. आजचा 'ल्युमीब्राइट' उजेड साठवून ठेवतो. त्र्यंबक रस्त्यावर संध्याकाळच्या उन्हातून घरी यावे, वीज गेलेली असावी आणि अंधाऱ्या खोलीत शिरल्याबरोबर मनगटावर हिरवा उजेड दिसावा, इतका तो प्रखर आहे. पहाटेपर्यंत तो मंदावतो, तरी वेळ वाचता येते. तारखेची खिडकी तीनच्या जागी आहे. मूळ घड्याळातही ती तिथेच होती. पण डोळ्याला ती खिडकी खुपते. तारीखच नसती तर तबकडी अधिक शोभली असती, असे मला पहिल्या दिवशी वाटले होते आणि आजही वाटते.

मिनिटांचे कडे आता एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, आणि मूळ आराखड्यातली ही सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती आहे. पाण्यात उतरताना कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायचा, की काट्यासमोरचा आकडा गेलेली मिनिटे सांगतो. चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्तच दिसतो, कमी कधीच दिसत नाही, त्यामुळे पाणबुडा वेळेआधी वर येतो. कोरड्या जमिनीवरही या कड्याचा उपयोग मला अपेक्षेपेक्षा अधिक झाला. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत माल टाकल्यावर मी त्रिकोण लावतो. मोबाईल खिशातून काढण्याची गरज पडत नाही, आणि हातमोजे घातलेले असले तरी कडे फिरवता येते. घाटावरची वाळू किंवा मातीचे कण कड्याखाली गेले तर ते जड फिरू लागते. अशा वेळी तेलाचा थेंब सोडण्याचा मोह टाळावा, कारण तेलाला आणखी धूळ चिकटते. वाहत्या पाण्याखाली कडे फिरवत राहिले की कण निघून जातात.

आता पाण्याविषयी. घड्याळावर 'डायव्हर्स २०० मी.' असे लिहिलेले आहे, आणि यातल्या 'डायव्हर्स' शब्दाला नियमांचा आधार आहे. आयएसओ ६४२५ या डायव्हर घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार असे घड्याळ घोषित दाबाच्या सव्वापट दाबाखाली दोन तास ठेवून तपासावे लागते, म्हणजे येथे २५० मीटर खोलीइतका दाब. दर दहा मीटर पाण्यामागे साधारण एक वातावरण दाब वाढतो. काचेचा व्यास तीस मिलिमीटर धरला, तरी त्या कसोटीत नुसत्या काचेवर सुमारे १८० किलो भार येतो. त्यापुढची कसोटी मला अधिक बोलकी वाटते. घड्याळ ४० ते ४५ अंश तापलेल्या तव्यावर ठेवतात, काचेवर थंड पाण्याचा थेंब किंवा ओले फडके ठेवतात आणि मिनिटभराने काचेच्या आतून धुके धरले आहे का ते पाहतात. धरले असेल तर आत ओल शिरली आहे असे समजून घड्याळ बाद करतात. एप्रिलमध्ये नाशिकच्या उन्हात दुचाकीच्या आरशाजवळ हात तापवीत आलेला माणूस थेट तलावात उडी मारतो, तेव्हा हीच कसोटी नकळत घेतली जाते.

खोलीच्या आकड्यांचा सामान्य माणसाला काय उपयोग, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. आपल्या गंगापूर धरणाची उंचीच सदतीस मीटरच्या आत आहे, तेव्हा दोनशे मीटर पाणी नाशिककराने आणायचे कोठून? स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलावात जे पाणी आहे त्याला पन्नास मीटरचे साधे घड्याळही पुरावे. नाशिककर समुद्रात उतरतो तो बहुधा तारकर्ली-मालवणला सुटीत स्कूबा करताना, आणि नवशिक्याला तिथेही फार खोल नेत नाहीत. जास्तीच्या हमीचा खरा फायदा वेगळाच आहे. गॅस्केट कालांतराने कडक होते, त्याची पकड सैल होत जाते, आणि ज्या घड्याळात मुळातच मोठी राखीव क्षमता आहे ते पाच वर्षांनंतरही तलावाच्या पाण्यापुरते निर्धास्त राहते. चावी आट्यांनी पूर्ण बसवलेली असणे ही मात्र पहिली अट आहे. चावी उघडी ठेवून पाण्यात उतरणाऱ्याला कोणतेही मानक वाचवू शकत नाही. तलावातल्या क्लोरीनच्या किंवा समुद्राच्या पाण्यातून आल्यावर घड्याळ साध्या पाण्याने धुवावे, आणि गरम पाण्याच्या अंघोळीला ते काढून ठेवावे, कारण साबण व वाफ या दोन गोष्टी गॅस्केटाला खाऱ्या पाण्यापेक्षाही अधिक त्रास देतात.

आतले मशीन ६आर३५ या क्रमांकाचे आहे. तासाला २१,६०० ठोके, चोवीस माणके आणि पूर्ण चावी दिल्यावर सत्तर तासांची चाल. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी सकाळी चालू स्थितीत मिळते, आणि नोकरी करणाऱ्याला या सत्तर तासांचे मोल चटकन पटते. मनगटाच्या हालचालीने चावी देण्यासाठी सेकोची १९५९ सालची 'मॅजिक लिव्हर' ही रचना अजून वापरात आहे. फिरत्या वजनाला जोडलेल्या एका दुबेळक्या पट्टीची दोन टोके एका दातेरी चाकाला भिडलेली असतात. वजन एका बाजूला झुकले की एक टोक चाक ओढते, दुसऱ्या बाजूला झुकले की दुसरे टोक तेच चाक ढकलते, आणि दोन्ही वेळा चाक एकाच दिशेने फिरते. इतर कंपन्या या कामासाठी चाकांची आणखी एक साखळी बसवतात. येथे एका पट्टीत काम भागले आहे. साठ वर्षांहून अधिक काळ टिकलेली रचना बदलण्याचे कारण नव्हते आणि कंपनीने ती बदलली नाही, हे योग्यच झाले.

अचूकतेच्या बाबतीत मात्र माझा आक्षेप आहे. कंपनीचीच जाहीर मर्यादा अशी की, दिवसाला पंचवीस सेकंद पुढे ते पंधरा सेकंद मागे इतका फरक पडू शकतो. प्रत्यक्षात घड्याळे याहून चांगली चालतात हे खरे आहे, पण लाखाच्या आसपास किंमत मागणाऱ्या कंपनीने कागदावर इतकी सैल मर्यादा ठेवावी हे मला पटत नाही. आमच्या धंद्यात ड्रॉइंगवर जो टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, लिहिलेला असतो त्यालाच माल बांधलेला असतो. 'लिहिले आहे त्यापेक्षा आम्ही चांगले बनवतो' असे सांगून ऑर्डर मिळत नाही. याच किमतीत घट्ट मर्यादेची हमी देणारी स्विस घड्याळे मिळतात, हे खरेदीदाराने ध्यानात ठेवावे.

चुंबकाविषयी सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या मंडळींना वेगळी सूचना करावीशी वाटते. हे घड्याळ ४,८०० अँपिअर प्रति मीटरपर्यंतचे चुंबकीय क्षेत्र सोसते. घरातल्या वस्तूंपासून थोडे अंतर राखले की तेवढे पुरते, पण सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवर (लोखंडी वस्तू चुंबकाने धरून ठेवणाऱ्या पाटावर) हात टेकवला तर ती मर्यादा क्षणात ओलांडली जाते. मग केसासारखी बारीक स्प्रिंग स्वतःलाच चिकटते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागते. मशीन बिघडले म्हणून घाबरू नये. घड्याळजीकडे चुंबकत्व काढणारा डिमॅग्नेटायझर असतो आणि काम मिनिटभराचे असते. लेथवर काम करताना मनगटात काहीही घालू नये हे तर शिकाऊ मुलालाही पहिल्या दिवशी सांगितले जाते, मग घड्याळ कितीही मजबूत असो.

चेन बरी आहे, एवढेच म्हणता येईल. कुलूप दुहेरी आहे, डायव्हिंगच्या सूटवरून घालता यावी म्हणून वाढणारी पट्टी आहे, पण कड्या जोडण्यासाठी पिन आणि तिच्याभोवती बारीक नळी अशी पद्धत वापरली आहे. कडी काढताना ती नळी टेबलावरून उडून गेली की शोधत बसावे लागते, आणि ती न घालता जोडलेली कडी पुढे केव्हातरी निसटते. चेन लहान करण्याचे काम घरी न करता दुकानातूनच करून घ्यावे. खांद्यांना आरपार भोके असल्याने पट्टा बदलणे मात्र सोपे आहे, आणि २० मि.मी.चे पट्टे मेन रोडवर सहज मिळतात. पावसाळ्यात मी रबराचा पट्टा लावतो, कारण चेनच्या कड्यांमधला चिखल जुन्या टूथब्रशने घासण्याचा कंटाळा येतो.

आता खरेदी आणि देखभाल. 'मूळ जुनेच का घेऊ नये?' असे विचारणारे बरेच भेटतात. '६२ मास' आज संग्राहकांच्या बाजारात फार महाग आहे, आणि आपल्याकडे जुने सेको म्हणून जे विकले जाते त्यातल्या अनेक घड्याळांची तबकडी नव्याने रंगवलेली, काटे भलतेच आणि मशीन दोन-तीन घड्याळांतून जोडून काढलेले असते. परदेशातले संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि हे नाव कौतुकाचे नाही. दिसायला ती घड्याळे झकास असतात, पण त्यातल्या डायव्हरला पाण्यात नेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. खरे जुने घड्याळ मिळाले, तरी साठ वर्षांच्या कवचावर पाण्यासाठी भरवसा ठेवू नये; ते कोरड्या हातावर मिरवण्यासाठीच आहे.

नव्या घड्याळाच्या बाबतीत पेच सर्व्हिसिंगचा आहे. नाशिकमध्ये जुन्या पिढीचे कसबी घड्याळजी अजून आहेत. एचएमटीचे मशीन ते डोळे मिटून उघडतील, आणि ऑल्विनच्या काळापासून सेकोच्या रचनेचीही त्यांना ओळख आहे, कारण हैदराबादच्या ऑल्विनची घड्याळे सेकोच्याच तांत्रिक सहकार्याने बनत असत. कौशल्याची उणीव नाही. उणीव आहे ती यंत्राची. डायव्हर घड्याळ उघडले की गॅस्केट बदलून, सिलिकॉन ग्रीस लावून, बंद केल्यावर दाबाची चाचणी घ्यावीच लागते, आणि ते यंत्र प्रत्येक दुकानात नसते. शहरातल्या एका दुकानात मी चौकशी केली तेव्हा "झाकण घट्ट बसवलंय, काही होत नाही" असे उत्तर मिळाले, आणि मी घड्याळ खिशात घालून परत आलो. घड्याळ हाती देण्याआधी चाचणीचे यंत्र दाखवायला सांगावे, आणि नसेल तर थोडा वेळ व पैसा खर्चून कंपनीच्या अधिकृत केंद्राकडेच पाठवावे. बॅटरी नसल्याने घड्याळ वारंवार उघडण्याची गरज पडत नाही, हा यांत्रिक डायव्हरचा एक फायदा अनेकांच्या लक्षात येत नाही.

शेवटचा मुद्दा नव्या आवृत्तीचा. २०२४ साली सेकोने याच घराण्यातले एसपीबी ४५३ काढले. व्यास ४० मि.मी., लांबी ४६.४ मि.मी., हमी ३०० मीटरची, मशीन ६आर५५ आणि चाल बहात्तर तासांची. तारीख तिथे साडेचारच्या जागी गेली आहे. चेन सुधारली आहे आणि बारीक मनगटासाठी ते किंचित अधिक सोयीचे आहे, पण १४३ च्या कवचावरचे रुंद, सपाट पृष्ठभाग मला '६२ मास'च्या अधिक जवळचे वाटतात. दोन्ही दुकानात शेजारी ठेवून मनगटावर घालून पाहावीत. किंमत सारखीच सांगितली जात असेल तर ४५३ घ्यावे. १४३ वर चांगली सूट मिळत असेल तर वाचलेल्या पैशांत पहिले सर्व्हिसिंग निघते, आणि तसे असेल तर मी पुन्हा १४३ च घेईन.